चौदा नंबरचा पट्टा

आर्डिथ पेनॉकने मला तीनदा तिच्या तळघरातून हाकलून दिलं आहे आणि तिन्ही वेळा चूक माझीच होती. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडायला नको.

तळघर म्हणजे कॉर्बिन फोर्क कॉलेजच्या जिमखालची लाँड्री. धुण्याची दोन अवाढव्य यंत्रं, वाळवायची तीन, एक लांब टेबल आणि भिंतभर खिळे. प्रत्येक खिळ्यावर एकेका खेळाडूच्या नंबरचा पट्टा. प्रॅक्टिस संपली की पोराने आपला शर्ट, चड्डी, मोजे त्या पट्ट्यात ओवायचे, वरची पिन लावायची आणि पट्टा खिडकीतून आत टाकायचा. तो तसाच यंत्रात जातो, तसाच बाहेर येतो, कुणाचे मोजे कुणाच्या पायात जात नाहीत. एकतीस वर्षं आर्डिथ हे पट्टे सांभाळते आहे.

मी तिथे काय करत होतो, तेही सांगतो. मी ग्लेन हॉस्टेटलर, एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबचा स्काउट. इंडियाना, ओहायो आणि केंटकी ही माझी तीन राज्यं. हिवाळाभर कॉलेजांच्या जिममध्ये बसायचं, पोरं पारखायची आणि जूनमधल्या ड्राफ्टच्या आधी अहवाल द्यायचे. ड्राफ्टला तीस क्लब पाळीपाळीने पोरं उचलतात. पहिल्या फेरीत उचललं तर पोराची पुढची दोन वर्षं पक्की. दुसऱ्या फेरीत उचललं तर नशीब. उचललंच नाही तर परदेशी जाऊन खेळायचं, नाहीतर गप घरी बसायचं. एकविसाव्या वर्षी पोराचं एवढं सगळं ठरतं आणि ठरवणारे आम्ही, ज्यांच्यातल्या निम्म्यांना जिना चढताना धाप लागते.

उंची मोजता येते, अनवाणी उभं करून. पसरलेले हात मोजता येतात, उडी मोजता येते. स्वभाव कशाने मोजणार? अहवालात त्यासाठी चार ओळींची चौकट असते आणि ती भरायची आमची जुनी रीत आहे. कोचला विचारून उपयोग नाही, तो स्वतःच्या सोयीचं बोलणार. म्हणून विचारायचं झाडूवाल्याला, खाणावळीतल्या बाईला, टीमची बस चालवणाऱ्याला आणि सगळ्यात आधी लाँड्रीवालीला. जाताना डोनटचा डबा न्यायचा. ही रीत कुणी पाडली देव जाणे, पण आम्हाला तिचा केवढा अभिमान. आपण किती खोलात जातो असं वाटायचं. खोलात म्हणजे एक जिना खाली.

आणि आर्डिथ म्हणजे खाण होती.

"सात नंबरचा उजवा पाय दुखतोय," ती डोनटकडे न बघताच म्हणायची.

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? डाव्या मोज्याची टाच झिजलीय आणि उजव्याची नवी कोरी. पाय नीट टेकतच नाहीये तो."

शर्टाचा गळा ताणलेला असला की पोरगं शेवटी शेवटी थकतं, कारण थकलेलं पोरगं गळा ओढून तोंड पुसतं. चड्डीची नाडी दोन बोटं जास्त आवळलेली दिसली की वजन उतरलं. टीमच्या डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. ती याच गावाबाहेरच्या शेतावर वाढलेली. तिच्या शाळेत मुलींच्या टीमला पोरांचे जुने शर्ट मिळायचे, काखेत उसवलेले. ती ते घरी नेऊन शिवायची आणि तेच घालून खेळायची. तिने शाळा सोडली आणि पुढच्याच वर्षी राज्यात मुलींची स्पर्धा सुरू झाली. नवरा व्हर्नन शाळेची बस चालवायचा, त्याला जाऊन बारा वर्षं झाली.

एकदा मी तोंडदेखलं म्हटलं, "तुम्ही चांगल्या खेळत असणार, आर्डिथ."

"मला कधी कुणी मोजलं नाही," ती म्हणाली. "म्हणून मी कशी होते ते मला नीट माहीत आहे."

आता माझ्या पापाकडे येतो. नऊ वर्षांपूर्वी कॉर्बिन फोर्कला लव्हॉन पेटवे नावाचा पोरगा होता, नंबर चौदा. सहा फूट सहा, अंगाने काटक, बचावात चिवट. पहिल्या फेरीत विसाव्या-बाविसाव्या जागेला जाईल असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. डावा हात कच्चा होता, पण शेवटच्या वर्षी तोही एकदम सुधारला. माझ्या अहवालात वाक्य आहे, माझंच: "डावा हात अनपेक्षितपणे सुधारला, कारण कळत नाही." कारण कळत नाही, असं लिहून मी पूर्णविराम दिला आणि जेवायला गेलो.

मग स्वभावाची चौकट भरायला तळघरात उतरलो. आर्डिथ टॉवेलच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "पेटवे कसा आहे?"

"गुणी आहे. फक्त त्याचा पट्टा वेळेवर येईल तर शपथ," ती हसत म्हणाली. "दोन-दोन, तीन-तीन दिवस पत्ता नसतो. ओरडून ओरडून माझा घसा बसला."

एवढंच. घरातली बाई आपल्याच पोराबद्दल कुरकुरते, तसं ती कुरकुरली. मी चौकटीत लिहिलं: "वस्तूंबाबत बेफिकीर. शिस्त कमी." दुपारी गावातल्या हॉटेलात आम्ही पाच स्काउट टेंडरलॉइन सँडविच खायला एका टेबलावर बसलो. आमची दुसरी रीत अशी, की ऐकलेलं वाटून घ्यायचं आणि आपापल्या क्लबात जाऊन आपलं स्वतःचं म्हणून मांडायचं. पाच क्लबांच्या पाच कागदांवर तीच ओळ गेली. क्लबांना वाटलं, पाच माणसं वेगवेगळ्या वाटांनी जाऊन तेच सांगतायत म्हणजे खरंच असणार. ड्राफ्ट झाला. साठ नावं पुकारली गेली आणि त्यांत पेटवे नव्हता.

आठवड्याने मी कॉर्बिन फोर्कला गेलो, दुसऱ्याच पोराच्या कामाला. आर्डिथच्या हातात चौदा नंबरचा पट्टा होता.

"त्याच्या मोज्यांत लाल धूळ असायची," ती म्हणाली. "वर्षभर धुतली मी. आपल्या जिमची जमीन मेपल लाकडाची. तिथे लाल धूळ कुठून येणार? मला एवढं दिसतं, आणि हे दिसून मी त्याला एकदा विचारलं नाही, बाबा रे, तू जातोस कुठे? नुसती ओरडले. आणि तू? तू तरी विचारलंस?"

"मी तुम्हाला विचारलं."

"मी चौदा नंबर आहे का?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने जिन्याकडे बोट केलं. हे पहिलं हाकलणं. पेटवेला कुठून तरी कळलं होतं की बोभाटा लाँड्रीतून सुरू झाला. तो तिचा निरोपही न घेता गाव सोडून गेला. तिने त्याचा पट्टा परत खिळ्यावर लावला आणि तो नंबर नंतर कुठल्याही पोराला दिला नाही. खिडकीवर एक पाटी टांगली: इथे कपडे धुतात, माहिती देत नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं कुठल्याही स्काउटला तिच्याकडून एक अक्षर मिळालं नाही. डोनट मात्र ती ठेवून घ्यायची आणि पोरांना वाटायची.

या वर्षी प्रश्न आला ट्रेव्हियन मॅब्रीचा. सहा फूट आठ, हात लांब, लांबून नेम पक्का. पंधराव्या जागेच्या आसपास जाणार असा सगळ्यांचा अंदाज. पण फेब्रुवारीत एक दिवस तो भर प्रॅक्टिसमधून निघून गेला आणि पुढचे दोन सामने त्याला बाकावर बसवलं. कोच फोनवर सगळ्यांना एकच सांगत होता, "पोरगा गुणी आहे, पण सांभाळायला अवघड." आमच्या भाषेत याचा अर्थ, हात लावू नका. त्या दिवशी आर्डिथ धुतलेल्या टॉवेलांची गाडी घेऊन कोर्टाच्या कडेलाच उभी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे खरं काय घडलं ते सांगू शकणारं माणूस एकच, आणि त्या माणसाच्या खिडकीवर पाटी.

एप्रिलमध्ये मी खाली उतरलो तेव्हा कॉलेजचे क्रीडा संचालक फ्रायबर्गर आधीच टेबलाशी उभे होते. पहिल्या फेरीत कॉलेजचा पोरगा जावा ही त्यांची तळमळ. एरवी हा माणूस लाँड्रीचा जिना कुठे आहे हे विचारून खाली येतो.

"आर्डिथ, मी काय मागतोय? एक वाक्य," ते म्हणत होते. "पोराचा स्वभाव चांगला आहे, एवढंच सांगा या लोकांना. खोटं बोला म्हणत नाही मी. चांगला आहे ना तो?"

"असेल किंवा नसेल."

"अहो, पण तुम्हाला माहीत आहे की."

"माहीत आहे म्हणूनच. आज मॅब्रीबद्दल एक चांगलं वाक्य बोलले, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन त्याच्याबद्दल हे काय लिहितील? मी चांगलं सांगायला लागले की माझं गप्प बसणंसुद्धा चहाडी होईल. नको. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

फ्रायबर्गर म्हणाले, "जूनमध्ये तुमच्या कामाची मुदत वाढवायची फाइल माझ्याच टेबलावर येणार आहे."

"येऊ द्या. टेबल चांगलं पुसून ठेवा," आर्डिथ म्हणाली.

ते गेले. मग मी माझं घोडं पुढे दामटलं. खरं सांगतो, मला तिची कीव आली नव्हती, मला माझी चौकट भरायची होती. माझे वरिष्ठ लिंडक्विस्ट दर दोन दिवसांनी फोन करत होते.

"आर्डिथ, पेटवेच्या वेळी तुमच्या बोलण्याने नुकसान झालं," मी म्हटलं. "मॅब्रीच्या वेळी न बोलण्याने होईल. कोचचा शब्द तेवढा राहील आणि पोरगा घसरेल. त्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर?"

हे तिला लागलं. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मला वाटलं, जिंकलो.

"पेटवेचं नाव काढलंस ना?" ती म्हणाली. "मग जा. त्याला जाऊन विचार, पट्टा उशिरा का यायचा ते. नऊ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंस ते आधी विचारून ये. तोवर मॅब्रीचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." आणि जिन्याकडे बोट. हे दुसरं.

पेटवे सापडायला फार वेळ लागला नाही. पोलंडमध्ये चार वर्षं आणि तुर्कस्तानात एक वर्ष खेळून, गुडघा गेल्यावर तो परत आला होता आणि आता शाळांच्या जिमच्या लाकडी जमिनी घासून वार्निश करायचं काम करत होता. मे महिन्यात टेर हॉटजवळच्या एका शाळेत मी त्याला गाठलं. तो मध्यवर्तुळाशी उकिडवा बसून फट बुजवत होता. मला त्याने दारातच ओळखलं.

"बूट काढा," तो म्हणाला.

मी बूट काढले. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, सावकाश.

"डाव्या मोज्याला भोक आहे. बेफिकीर माणूस दिसता. कुठे लिहून ठेवू का?"

पन्नाशी उलटलेला माणूस, सूट घातलेला, आणि अंगठा बाहेर. मी म्हटलं, "लव्हॉन, मी एक विचारायला आलोय. तुझा पट्टा दोन-तीन दिवस का यायचा नाही?"

तो मोठ्याने हसला. मग हसू थांबलं तरी तो माझ्याकडे बघतच राहिला.

"हे विचारायला एवढा लांब आलात?"

"हो."

"माझा डावा हात कच्चा होता, माहीत आहे ना? तुम्हीच लिहिलं होतंत, सगळे लिहीत होते. जिमची किल्ली कोचकडे आणि तो आठच्या आत उघडायचा नाही. म्हणून मी पाचला उठून ग्रेस चॅपलच्या मागच्या शेडमध्ये जायचो. तिथे एक जुनी रिंग होती आणि खाली विटांची जमीन. चेंडू आपटला की लाल धूळ उडायची. रोज डाव्या हाताने तीनशे. आता पट्टा टाकला की कपडे मिळणार दुसऱ्या दिवशी दुपारी. मग पहाटे काय घालू? माझ्याकडे दुसरे कपडेच नव्हते. म्हणून दोन-तीन दिवस पट्टा टाकायचोच नाही. वास यायला लागला की टाकायचो."

त्या रिकाम्या जिममध्ये मला माझं जुनं वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. अनपेक्षितपणे सुधारला, कारण कळत नाही.

"कागद आहे ना जवळ?" पेटवे म्हणाला. "काढा. लिहा. लव्हॉन पेटवे. शिस्त. आजची तारीख घाला."

मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या लिहिलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. खाली सही करायला लावली, आणि मग मी लिहिलेलं मलाच मोठ्याने वाचायला लावलं. त्याने मला माफ केलं नाही आणि मीही माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर त्याने पलीकडच्या ओल्या वार्निशवरून मला चालायला लावलं असतं. निघताना मी म्हटलं, "आर्डिथला काही सांगू?"

"मिस आर्डिथ खोटं बोलल्या नव्हत्या," तो म्हणाला. "पट्टा उशिराच यायचा. पण त्यांना माझा राग आला नव्हता तर त्यांनी मला एकदा तरी फोन का केला नाही, ते त्यांना माहीत." आणि तो परत फट बुजवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात. सगळं सांगितलं, चॅपल, शेड, विटा, तीनशे. फोनचं तेवढं गाळलं, ते सांगायची छाती झाली नाही. ऐकताना आर्डिथ टेबलाच्या कडेवर बसली. मी तिला बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"विटांची धूळ," ती म्हणाली. "आणि मी समजले, उंडारतोय."

मी म्हटलं, "आता मॅब्रीचं सांगा."

"आता कशाला सांगू?"

"आर्डिथ, तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणाले, तोवर नाव काढायचं नाही. आता काढ. पण माझ्यासमोर कशाला काढतोस? विचारायचं कसं ते तुला आता आलं की नाही? मग ज्याचं आहे त्याला जाऊन विचार. तो वर आहे, फ्री थ्रो मारतोय."

मी चिडलो. म्हटलं, ही बाई मला खेळवते आहे. तोंडातून दोन शब्द वेडेवाकडे गेले, ते इथे लिहीत नाही. तिसरं हाकलणं ते. जिना चढताना मनाशी म्हणालो, परत इथे पाऊल ठेवणार नाही. आणि वर मॅब्री खरंच एकटा फ्री थ्रो मारत होता.

सव्वीस वर्षं मी हे काम करतोय. पोरांना मी काय विचारलेलं नाही? आवडता खेळाडू, आईचा स्वभाव, झोप किती. पण ज्या गोष्टीवरून पोराबद्दल कुजबुज चाललेली असते ती त्यालाच सरळ विचारायची, हे आमच्यात बावळटपणाचं समजतात. म्हणे, पोरगं खोटं बोलणार. मी बॉल त्याच्याकडे टाकला आणि विचारलं, "फेब्रुवारीत तू प्रॅक्टिस सोडून का गेलास?"

त्याने बॉल काखेत धरला. "तुम्ही पहिलेच," तो म्हणाला.

"कशात पहिले?"

"मला विचारणारे. बाकीच्यांनी माझ्या काकालासुद्धा फोन केले, सर. काका फ्लोरिडाला असतो, त्याने मला चार वर्षांत पाहिलेलं नाही."

मग त्याने सांगितलं. एलिस नावाच्या राखीव खेळाडूचा घोटा सुजला होता आणि कोचने उशिरा आल्याची शिक्षा म्हणून त्याला पळायला लावलं. मॅब्री म्हणाला, त्याच्या वाटचं मी पळतो. कोच म्हणाला, एक तर तो पळेल नाहीतर तू बाहेर जाशील. मॅब्रीने एलिसचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं बाहेर गेले.

"हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कोण विचारतंय? आणि स्वतःहून सांगत सुटलो असतो, तर तुम्हीच म्हणाला असतात की कोचच्या चहाड्या करतो."

खरंच म्हणालो असतो. एलिसला मी त्याच दिवशी भेटलो. घोटा आणि पळणं, दोन्ही खरं होतं. त्याच्याकडेही कुणी गेलं नव्हतं.

जूनमधली बैठक. लांब टेबल, भिंतीवर नावांच्या पट्ट्या, बारा माणसं आणि थंडगार कॉफी. मॅब्रीवर आल्यावर लिंडक्विस्ट म्हणाले, "ग्लेन, लाँड्रीवाली काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. पण मी पोराला विचारलं."

हशा पिकला. एक जण म्हणाला, "मग माझ्या मुलालाही विचारून ये, गाडी कुणी ठोकली ते." परत हशा.

मी खिशातून टेर हॉटचा कागद काढला. आधीपासून काही ठरवलं नव्हतं. पण ते हसणं ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी उभा राहून वाचलं: "लव्हॉन पेटवे. नऊ वर्षांपूर्वी मी क्लबाच्या बैठकीत सांगितलं की हा बेफिकीर आहे आणि याला शिस्त नाही. ते चूक होतं. तो रोज पहाटे पाचला उठून डाव्या हाताने तीनशे बॉल मारायचा आणि त्यासाठी तेच घामट कपडे घालायचा, कारण त्याच्याकडे दुसरे नव्हते. ही माहिती त्याच्याकडे होती. मी त्याला विचारलं नाही. सही, ग्लेन हॉस्टेटलर."

कुणी हसलं नाही. त्यातले तिघे तेव्हाही त्या टेबलाशी होते.

"मॅब्रीला मी पंधराव्या जागेचाच धरतो," मी म्हटलं. "त्याच्याबद्दल कोच जे सांगतोय त्याच्या उलट मी सांगतोय, आणि मी दोन पोरांना विचारून सांगतोय. चुकलो तर माझं नाव खोडा. पण हॉटेलच्या टेबलावर वाटून घेतलेली ओळ पुन्हा मला चघळायला लावू नका."

लिंडक्विस्ट म्हणाले, "विचार करू." वरिष्ठ विचार करू म्हणाले की समजायचं, विचार झालेला आहे. ड्राफ्टला आमची पाळी एकविसावी होती. मॅब्री तोवर शिल्लक होता. आम्ही दुसऱ्याच पोराला उचललं. पंचविसाव्या जागेला दुसऱ्या एका क्लबाने मॅब्रीचं नाव घेतलं. पहिल्या फेरीत बसला, पण दहा जागा घसरून.

परत पाऊल ठेवणार नाही म्हणालो होतो, ते दोन महिनेसुद्धा टिकलं नाही. जुलैत मी तळघरात गेलो, डोनटशिवाय. आर्डिथ तिथेच होती. फ्रायबर्गरनी फाइलवर सही केली होती. पहिल्या फेरीत पोरगा गेला म्हणून ते खुशीत होते आणि ते श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"दहा जागा," आर्डिथ मला बघून म्हणाली. "माझ्या तोंडाला कुलूप होतं म्हणून गेल्या. मला कळत नाही असं समजू नकोस. मला फार वाईट वाटतं. तरी पुन्हा वेळ आली तरी सांगणार नाही."

"मॅब्री काय म्हणाला?"

"पट्टा द्यायला आला होता. पुरा धुऊन, घडी घालून. म्हणाला, मिस आर्डिथ, तुम्ही माझ्याबद्दल बोलला असतात तर पुढच्या पोरांना तुमच्या खिडकीशी उभं राहायची भीती वाटली असती." ती नाक पुसत होती आणि ते लपवत नव्हती. मग तिने भिंतीवरून चौदा नंबरचा पट्टा काढला आणि माझ्यासमोर धरला. "हा पेटवेला नेऊन दे. त्याचा आहे."

मी हात मागे घेतले.

"मी नाही नेणार."

"का?"

"त्याने मला विचारलं होतं, मिस आर्डिथनी एकदा तरी फोन का केला नाही. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. आता सांगतो. आणि उत्तर मी नाही देणार. ज्याचं आहे त्याच्याशी जाऊन बोला. हे मी तुमच्याकडूनच शिकलो."

मला वाटलं, आता चौथं हाकलणं. तिचा चेहरा तसाच झाला होता. वाळवायचं एक यंत्र थांबलं, तिने ते उघडलंही नाही.

"लाज वाटली," ती शेवटी म्हणाली. "नऊ वर्षं वाटतेय. दुसऱ्यांना पाट्या लावून शहाणपण शिकवते मी, आणि त्याला फोन करायचा तर हात उचलत नाही."

"तो आजही टेर हॉटलाच आहे. दुसरी शाळा आहे."

तिने ओले हात पुसले. खिडकी ओढून लावली, भर दुपारी. पट्टा पर्समध्ये मावेना म्हणून तो गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "चल. गाडी काढ."

गावाबाहेर पडल्यावर तिने विचारलं, "त्याच्या जिममध्ये बूट काढावे लागतात का?"

मी हो म्हणालो. तिने वाकून बुटाची नाडी सैल केली आणि आपले मोजे तपासून पाहिले.